फोडणीचा ठसका आणि ओली सलवार: बाळंतपणानंतर गळणारी लघवी कशी सावरायची

डिलिव्हरीनंतरचा नववा आठवडा. मी माहेरी, ठाण्यात नौपाड्यात. आई वरणाला फोडणी देत होती. तेलात लाल मिरची जरा जास्तच तापली आणि घरभर ठसका सुटला. मी पाळण्याजवळ उभी होते. तीनदा खोकले आणि तिसऱ्या खोकल्याला सलवार ओली. थेंबभर नाही, चांगला मांडीपर्यंत ओघळ. आईनं पाहिलं, काही बोलली नाही, कपाटातून दुसरी सलवार काढून हातात दिली. रात्री मी बाळाला पाजत असताना हळूच म्हणाली, "मलाही होतं गं. तुझ्या वेळेपासून."

माझ्या वेळेपासून म्हणजे बत्तीस वर्षं. लग्नाकार्यात ती पाणी पीत नाही, एसटीत बसण्याआधी दोनदा जाऊन येते, जोरात हसू आलं की पाय जुळवते. मला या तिच्या सवयी वाटायच्या.

मी डॉक्टर नाही, घणसोलीत एका कंपनीत हिशेब बघते. त्या फोडणीनंतर आठ महिने फिजिओथेरपिस्टकडे जाऊन, वही ठेवून आणि बऱ्याच चुका करून जे कळलं ते पायरीपायरीनं इथे लिहिते आहे. "बाळंतपणानंतर एवढं चालायचंच" हे वाक्य मला पाच जणींनी ऐकवलं. लघवी गळणं फार जणींना होतं हे खरं, पण त्यावर उपाय आहे आणि बहुतेकींच्या बाबतीत तो ऑपरेशनाशिवाय आहे, हे त्या पाचातल्या एकीनंही सांगितलं नाही.

आत काय झालंय

पुढे जांघेच्या मधलं हाड, मागे माकडहाड. या दोन टोकांच्या मध्ये स्नायूंची एक झोळी बांधलेली असते. तिलाच पेल्विक फ्लोअर म्हणतात. मराठीत ओटीपोटाचा तळ म्हणता येईल, पण ओपीडीत तसं कोणी म्हणत नाही, म्हणून मीही म्हणत नाही. या झोळीवर लघवीची पिशवी, गर्भाशय आणि गुदाशय विसावलेले असतात. आपण खोकलो की पोटातला दाब खाली येतो. त्याच क्षणी झोळी वर उचलली जाते आणि लघवीची वाट चिमटीत धरल्यासारखी बंद होते. हे आपोआप होतं, म्हणून बाळंतपणापर्यंत असं काही आपल्याला आहे याचा पत्ताच नसतो.

नॉर्मल डिलिव्हरीत बाळाचं डोकं खाली येताना या स्नायूंचा आतला भाग मूळ लांबीच्या तिपटीच्या आसपास ताणला जातो. त्यांना हुकूम पोचवणारी नसही ताणली जाते. मग खोकला येतो, पण झोळी उशिरा उचलली जाते किंवा पुरती उचललीच जात नाही. बाळ चार किलोच्या वर असेल, कळा देण्याचा काळ लांबला असेल, चिमटा लावावा लागला असेल, तर शक्यता वाढते. गरोदरपणातच गळायला लागलं असेल तरीही वाढते.

सिझर झालं म्हणून सुटका झाली असं समजू नका. नऊ महिन्यांचं ओझं त्या झोळीनंही वाहिलेलंच असतं. सिझरनंतर प्रमाण कमी असतं, शून्य नसतं. एकूण बाळंतिणी धरल्या तर साधारण तिघींपैकी एकीची लघवी गळते. शिवाय अंगावर पाजत असताना इस्ट्रोजेन हे संप्रेरक कमी असतं, त्यामुळे योनिमार्ग आणि लघवीच्या वाटेची त्वचा कोरडी, पातळ होते. काहीजणींना पाजणं कमी झाल्यावर आपोआप थोडा फरक जाणवतो तो यामुळे.

गळण्याचे मुख्य प्रकार दोन. शिंकलं, खोकलं, हसलं, बादली उचलली की गळतं तो दाबाचा प्रकार. अचानक घाई लागते आणि बाथरूमच्या दाराशी पोचेपर्यंत निसटते तो घाईचा. कित्येकींना दोन्ही असतात, मला होते. हा फरक ओळखायला हवा, कारण दोन्हींचे उपाय थोडे वेगळे आहेत. तिसरी गोष्ट म्हणजे दिवसरात्र न थांबता पाझरणं. त्याला घरगुती व्यायामाची वाट बघायची नाही, सरळ डॉक्टरांकडे जायचं.

पहिले दहा-बारा दिवस

डिलिव्हरी झाल्यावर, किंवा लघवीची नळी काढल्यावर, सहा तासांच्या आत तुम्हाला लघवी व्हायला हवी. नाही झाली तर सिस्टरना सांगा. "होईल थोड्या वेळानं" म्हणून पडून राहू नका, विशेषतः कमरेत भुलीचं इंजेक्शन घेतलं असेल तर. तेव्हा पिशवी भरल्याची जाणीवच होत नाही आणि एकदा ती फार ताणली गेली की पूर्ववत व्हायला वेळ लागतो. टाक्यांना झोंबत असेल तर लघवी करताना वरून कोमट पाणी ओतत राहा, आग कमी होते.

नळी असेपर्यंत व्यायाम नाही. ती निघाली आणि एकदा नीट लघवी झाली की अगदी हलकं आवळणं सुरू करता येतं. टाके असले तरी. टाके तुटतील या भीतीनं मी महिनाभर त्या भागाकडे फिरकले नाही. नंतर कळलं की हलक्या हालचालीनं तिथला रक्तपुरवठा वाढतो आणि सूज उतरायला मदत होते. दुखलं की थांबायचं, एवढाच नियम. तिसऱ्या-चौथ्या डिग्रीची फाटणी झाली असेल, म्हणजे जखम शौचाच्या जागेच्या स्नायूपर्यंत गेली असेल, तर मात्र कधी आणि किती हे तुमच्या डॉक्टरांनाच विचारा. डिस्चार्ज कार्डावर लिहिलेलं असतं, बघून घ्या.

आता घरचं. पोटपट्टा आधारापुरता सैलसर बांधला तर हरकत नाही. श्वास अडेल इतका करकचून बांधला की पोटातला दाब जातो कुठे? खालीच, त्या दमलेल्या झोळीवर. शेक आवडत असेल तर घ्या, पण ओवा-बाळंतशेपाची धुरी बंद खोलीत नको. धूर बाळाच्या छातीला वाईट आणि तुम्हाला खोकला लावणारा. मालीशवाल्या मावशींना पोटावर जोर देऊ नका म्हणून सांगायचं. माझ्या मावशी रुसल्या, दोन दिवस पायच जोरात चोळले, मग झालं.

तीन दिवसांची वही

व्यायामाच्याही आधी ही पायरी घ्या, कारण फिजिओथेरपिस्ट पहिल्या भेटीत हेच मागतात. सलग तीन दिवस किती वाजता लघवी झाली, साधारण किती, आधी काय प्यायलात, गळली तर काय करताना गळली, हे लिहायचं. मोजायला जुना मापाचा मग पुरतो. माझ्या वहीतली एक सकाळ अशी होती:

पहाटे ४.२०, २५० मिली, पाजून झाल्यावर. ७ वाजता चहा. ७.४०, ८० मिली, बादलीत नळ सुरू केला आणि घाई आली. ९.०५, ६० मिली, आंघोळीआधी जाऊन आले, लागली नव्हती. ९.५०, ९० मिली, चहा दुसरा. ११.१५, शिंक, थेंब.

फिजिओथेरपिस्ट मॅडमनी "लागली नव्हती" या शब्दांवर बोट ठेवलं. दिवसाला माझ्या चौदा फेऱ्या होत होत्या आणि बहुतेक शंभर मिलीच्या आतल्या. मोठ्या माणसाची पिशवी सहज तीनशे-चारशे मिली धरते आणि दिवसात सहा-आठ वेळा जाणं हे साधारण प्रमाण. गळेल या भीतीनं मी उगाच जात होते आणि पिशवीला थोड्याशा लघवीला घाई करायची सवय लावत होते. आई एसटीआधी दोनदा जाते ती हीच गोष्ट.

पाणी कमी करणं ही दुसरी चूक. पाणी तोडलं की लघवी दाट होते, दाट लघवी पिशवीला चावते, घाई वाढते, बद्धकोष्ठता वर. पाजणाऱ्या बाईनं तहान मारूच नये. दिवसभरात दोन-अडीच लिटर, लघवीचा रंग फिकट पिवळा. झोपण्याआधीच्या तासात थोडं आवरतं घ्या. कमी करायचा तो चहा. कॅफीन पिशवीला डिवचतं. मी पाचांवरून दोन कपांवर आले आणि व्यायाम सुरू होण्याआधीच घाई उतरली. ग्रीन टी आणि कोलाही त्यातच धरायचे.

स्नायू सापडायला हवा

अर्नोल्ड केगेल या अमेरिकन डॉक्टरांनी १९४८ मध्ये बाळंतपणानंतरच्या या व्यायामावर लिहिलं. त्यांनी सोबत एक दाब मोजणारं यंत्रही वापरलं होतं, बाई बरोबर आवळते आहे की नाही हे तिला स्वतःला दिसावं म्हणून. पुढे यंत्र मागे पडलं आणि "केगल करा हं" एवढं वाक्य उरलं. १९९१ मध्ये अमेरिकेत ४७ बायकांना असंच फक्त तोंडी सांगून तपासलं, तर जेमतेम निम्म्या नीट करत होत्या आणि पाव बायका उलट त्रास वाढेल अशा पद्धतीनं करत होत्या. मी त्या पावात बसले असते. सहा आठवडे मन लावून पार्श्वभाग आवळत होते.

म्हणून घाई न करता शोधा. पाठीवर झोपा, गुडघे मुडपलेले, पावलं गादीवर. एक श्वास घ्या, पोट सैल सोडा. आता श्वास सोडता सोडता असं करा: चारचौघांत गॅस अडवतो तसं मागून आवळायचं, ते धरून लघवी थांबवतो तसं पुढून, आणि मग दोन्ही मिळून आत, वर ओढायचं. बटव्याची नाडी ओढल्यावर तोंड कसं चुण्या पडून मिटतं आणि वर येतं, अगदी तसं. मला नुसतं "आवळा" ऐकून काही कळलं नव्हतं, हा बटवा डोळ्यासमोर आला आणि कळलं.

बरोबर होतंय का, हे तपासायला हात स्वच्छ धुऊन एक बोट योनिमार्ग आणि शौचाची जागा यांच्या मधल्या भागावर ठेवा. आवळल्यावर तो भाग बोटापासून दूर, आत जायला हवा. बोटावर फुगून आला तर तुम्ही जोर देताय, म्हणजे नेमकं उलट करताय. तिथेच थांबा आणि कोणाला तरी दाखवा. दुसरा हात पोटावर ठेवा. बेंबीच्या वरचं पोट कडक होता कामा नये. खूप खाली किंचित ओढ जाणवली तर चालेल. मांड्या आणि पार्श्वभाग मोकळे. श्वास रोखला जातोय का हे समजत नसेल तर आकडे मोठ्यानं मोजा, आवाज सुरू आहे म्हणजे श्वास सुरू आहे.

आणि सोडणं. यावर कोणी बोलत नाही. आवळल्यावर पूर्ण सैल सोडायचं, जेवढे सेकंद धरलं तितकेच किंवा जास्त. अर्धवट सोडलेला स्नायू कायम ताठलेला राहतो, दमतो, आणि ऐन खोकल्याला त्याच्याकडे आवळायला काही उरत नाही. काहीजणींचा पेल्विक फ्लोअर ढिला नसून आखडलेला असतो. लघवी सुरू व्हायला वेळ लागणं, संबंधाच्या वेळी दुखणं, माकडहाडाशी ठसठस, या त्याच्या खुणा. त्यांनी आवळण्याचे व्यायाम वाढवले तर त्रास वाढतो. त्यांना आधी सोडायला शिकावं लागतं.

लघवी करताना मध्येच धार थांबवून बघणं व्यायाम म्हणून करू नका. पिशवी पूर्ण रिकामी होत नाही आणि राहिलेल्या लघवीत संसर्ग होऊ शकतो. योगवर्गाला जाणाऱ्यांना मूलबंध आणि अश्विनी मुद्रा माहीत असतील. मूलबंध याच्या बराच जवळचा आहे. अश्विनीत भर मागच्या बाजूवर असतो, एकट्या तिच्यावर भागत नाही.

किती आणि केव्हा

सुरुवात तीन सेकंद धरण्यापासून. तीन धरा, पाच-सहा सोडा, असे आठ. त्यानंतर झटपट आवळून लगेच सोडायचे आठ-दहा झटके, कारण शिंकेला तीन सेकंद मिळत नाहीत. हा एक फेरा. दिवसाला तीन फेरे. चौथ्याच आवळण्याला पकड सुटत असेल तर चारच करा, बाकीचे मांड्यांनी भरून काढू नका. जमेल तसा एकेक सेकंद वाढवत दहापर्यंत जायचं. मला पाच सेकंदांवर पोचायला तीन आठवडे लागले, तिथून दहापर्यंत अजून दीड महिना.

आधी पडून, मग बसून, मग उभं राहून, शेवटी चालताना. उभं राहिलं की वरचं सगळं ओझं झोळीवर येतं, म्हणून पडून दहा सेकंद धरणारी बाई उभ्यानं चारवर येते. निराश होऊ नका, परत आठवडाभरात चढतं. मी उभ्याचा सराव तलावपाळीला संध्याकाळच्या फेरीत केला. भेळेच्या गाड्यासमोर थांबून मनात आकडे मोजणारी बाई ओळखू येत नाही.

लक्षात राहत नाही ही सगळ्यांची तक्रार. मोबाइलचा गजर मी दोन दिवसांत बंद करायला लागले. मग सकाळच्या, दुपारच्या आणि रात्री नऊच्या पाजण्याला एकेक फेरा बांधून टाकला. बाळ विसरू देत नाही.

किमान तीन महिने रोज. स्नायू जाड व्हायला तेवढा काळ लागतोच. दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात "काही फरक नाही" म्हणून सोडणाऱ्या खूप असतात, मीही पहिल्यांदा सोडलं होतं. तीन महिन्यांनी बरं वाटलं की दिवसाला एक फेरा कायम ठेवायचा.

खोकल्याच्या आधी

ताकद येण्याआधीही एक युक्ती लगेच कामाला येते. शिंक, खोकला येतोय असं वाटलं की आधी आवळायचं, वर ओढायचं, धरून ठेवायचं, मग शिंकायचं, मग सोडायचं. बाळ उचलताना, बादली उचलताना, पलंगावरून उठतानाही तेच. पूर्वी आपोआप होत असलेलं काम काही दिवस मुद्दाम करायचं. शिंक येताना मान खाली घालून वाकू नका, एका खांद्याकडे वळवा आणि पाठ सरळ ठेवा, दाब थोडा कमी होतो. सुरुवातीला पाचातून तीनदा विसरलं जातं. खोट्या खोकल्यावर सराव करा, दिवसातून दहा वेळा. आमच्याकडे बाळ त्यावर खदाखदा हसायचं.

घाई लागली की

धावायचं नाही. धावत सुटलं की दाब वाढतो आणि डोकं पिशवीला सांगतं, चला, वेळ झाली. जिथे असाल तिथे थांबा, शक्य असेल तर बसा. पाच-सहा झटके आवळून सोडा. त्यानं पिशवी खरंच शांत होते, स्नायू आवळला की पिशवीला "आता नको" असा निरोप जातो. टाचा उचला, वीसपासून उलटं मोजा. घाईची लाट ओसरली की चालत जा. जमायला लागलं की ती लाट गेल्यावर आणखी पाच मिनिटं थांबायचं, पुढच्या आठवड्यात दहा. असं करत दोन फेऱ्यांमधलं अंतर अडीच-तीन तासांवर न्यायचं. सहा आठवडे तरी द्या.

घाईला ठरलेल्या जागा असतात. माझी जागा म्हणजे आमच्या मजल्यावर लिफ्टचं दार उघडणं आणि पर्समध्ये किल्ली शोधणं. लिफ्टमध्ये शिरतानाच आवळायला सुरुवात केली आणि किल्ली पर्सच्या बाहेरच्या कप्प्यात ठेवली. किल्लीच्या बदललेल्या कप्प्याचा वाटा अर्धा तरी असेल, असं माझं मत आहे.

पोट साफ

कुंथणं म्हणजे रोज सकाळी त्या झोळीवर दहा मिनिटं उभं राहणं. डिंकाचे लाडू, अळीव, मेथी चालू द्या, पण ताटात पालेभाजी, कोशिंबीर, सालीची डाळ आणि फळही हवं. नुसत्या भात-तुपावर आणि कमी पाण्यावर ठेवलेल्या बाळंतिणीचं पोट बसतंच, त्यात लोहाच्या गोळ्या. कमोड असेल तर पायाखाली छोटं स्टूल घ्या, गुडघे कमरेच्या वर यायला हवेत. भारतीय पद्धतीच्या संडासात ती बसण आपोआप मिळते, टाके भरल्यावर त्रास नसेल तर तोच उत्तम. जोर न देता तोंडानं श्वास सोडत बसा. इसबगोल पाजणाऱ्या आईला चालतं, तरी एकदा डॉक्टरांना विचारा आणि त्यावर पाणी भरपूर प्या.

पॅड, प्रवास, नोकरी

सॅनिटरी पॅड रक्तासाठी बनवलेलं असतं. पातळ लघवी त्यात पटकन शिरत नाही, कडेनं ओघळते, वास धरते. औषधाच्या दुकानात लघवीसाठीचे पॅड मिळतात, तेच घ्या. ओलं पॅड तासन् तास ठेवू नका, ठाण्याच्या दमट हवेत दोन दिवसांत पुरळ येतं. साध्या पाण्यानं धुवा, सुगंधी वॉश नको.

२०१७ पासून कायद्यानं पहिल्या दोन बाळंतपणांना २६ आठवड्यांची पगारी रजा आहे. ती लागू असेल तर रजा संपेपर्यंत व्यायामाचे तीन महिने पदरात पडलेले असावेत, या हिशेबानं सुरुवात करा. माझी सुरुवात उशिरा झाली, त्यामुळे ठाणे ते घणसोली वीसेक मिनिटांचा प्रवासही मोठा वाटायचा. ट्रान्स हार्बर लोकलसाठी ठाणे स्टेशनात दहा नंबरच्या फलाटाकडे जाताना पुलाचे जिने चढावे लागतात, मागून धक्के असतात. मी पहिले दोन आठवडे एक गाडी सोडायची ठरवली आणि पळणं बंद केलं. डब्यात शिरताना पाय उचलण्याआधी आवळायचं. पर्समध्ये एक जादा पँटी, एक पॅड, झिपची पिशवी, आणि कुर्ता गडद छापाचा. रिक्षात बसलात तर खड्ड्याआधी आवळायला घोडबंदर रोडवर भरपूर संधी मिळते.

उचलणं, व्यायाम, संबंध

पहिले सहा आठवडे बाळापेक्षा जड काही उचलू नका. भरलेला गॅस सिलिंडर तर नुसता गॅसच १४.२ किलोचा, त्याला हातच लावू नका. नंतरही उचलताना श्वास रोखायचा नाही, श्वास सोडत उचलायचं. चालणं लवकर सुरू करा. उड्या, धावणं, झुंबा तीन महिन्यांच्या आत नाही, आणि तेव्हाही गळत असेल किंवा खाली जड वाटत असेल तर अजून थांबा. माझ्या बाळंतपणानंतर दोन महिन्यांनी नवरात्र आलं, सोसायटीतल्या सगळ्या गरब्यात आणि मी खुर्चीत. चालतं. पोट कमी करायच्या घाईनं पूर्ण उठून बसायचे व्यायाम करू नका, त्यात पोट मध्ये फुगून टेकडीसारखं वर येत असेल तर पोटाचे स्नायू मधून दुरावलेले आहेत, ते आधी दाखवायला हवं.

संबंधांना ठरलेली तारीख नाही. टाके भरलेले, रक्तस्राव थांबलेला आणि तुमची इच्छा, हे तिन्ही हवं. कोरडेपणासाठी पाण्यावर आधारित जेल मिळतं. दुखत राहिलं तर सहन न करता तपासून घ्या.

डॉक्टरांकडे काय बोलायचं

सहाव्या आठवड्याच्या तपासणीत मला टाके आणि बाळाचं वजन एवढंच विचारलं. मीही गप्प बसले. म्हणून वाक्य पाठ करून जा: "खोकल्यावर लघवी गळते, आठवड्यातून इतक्या वेळा, पॅड लागतो." आकडा सांगितला की विषय टोलवला जात नाही. आधी लघवीची तपासणी होते, संसर्ग नाही ना ते बघायला. गरज पडल्यास लघवी केल्यावर पिशवीत किती उरते ते सोनोग्राफीत बघतात. मग "पेल्विक फ्लोअरची फिजिओथेरपी लिहून द्या" असं स्वतः म्हणा. सगळेच फिजिओथेरपिस्ट हे काम करत नाहीत, पाठ-गुडघ्याचं काम करणारे जास्त, तेव्हा फोनवर आधी विचारा. नवी मुंबईत नेरुळला डी. वाय. पाटील आणि कामोठ्याला एमजीएम इथे फिजिओथेरपीची कॉलेजं आहेत, तिथून चौकशी सुरू करता येते. ठाण्यात कळव्याच्या छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालयात प्रसूती विभागाची ओपीडी आहे.

फिजिओथेरपिस्ट आतून बोटानं तपासू शकतात, पकड किती आहे ते बघायला. तुमच्या परवानगीशिवाय हे होत नाही, नको म्हणायचा हक्क तुमचा, आणि बाईच हवी असंही सांगता येतं. ज्यांना स्नायू सापडतच नाही त्यांना बायोफीडबॅक, म्हणजे आवळणं यंत्रावर दाखवणारी पद्धत, किंवा सौम्य विजेचे झटके उपयोगी पडतात. अंग खाली येत असेल तर योनिमार्गात बसवायची रिंग मिळते. ऑपरेशनाचा विचार साधारणपणे व्यायाम पुरते करून पाहिल्यावर आणि पुढे मूल नको हे ठरल्यावर होतो.

काही गोष्टींना मात्र थांबायचं नाही. लघवी अडकली, लघवीत जळजळ आणि ताप किंवा लघवीत रक्त, सतत पाझरणं, शौच किंवा गॅस आवरता न येणं, योनिमार्गात गोळ्यासारखं काही हाताला लागणं, मांड्यांच्या आतल्या भागात बधिरपणा, घाण वासाचा स्राव, तासाभरात पॅड पूर्ण भिजेल इतका रक्तस्राव. बधिरपणा, अडकलेली लघवी आणि रक्तस्राव यांसाठी रात्र असली तरी निघायचं.

आई

नीट व्यायाम सुरू केल्यापासून तिसऱ्या महिन्यात माझा पॅड सुटला. आता जोरदार सर्दीत एखादा थेंब जातो, बाकी काही नाही. आईला मी ओढतच सोबत नेलं. "या वयात काय" म्हणाली. मॅडम म्हणाल्या, स्नायूला वय विचारून व्यायाम द्यायचा नसतो, वेळ थोडा जास्त लागेल. पाळी गेल्यानंतर कोरडेपणामुळेही गळणं वाढतं, त्यासाठी डॉक्टरांनी तिला योनिमार्गात लावायचं इस्ट्रोजेनचं क्रीम लिहून दिलं. चार महिन्यांत तिच्या रात्रीच्या तीन फेऱ्यांची एक झाली. एसटीआधी अजून दोनदा जाते, त्यावरून आमची भांडणं चालूच आहेत.

फोडणीत मिरची टाकण्याआधी मात्र आता ती स्वयंपाकघरातून ओरडते, "टाकतेय गं!" आणि आम्ही दोघी, ती गॅसपाशी आणि मी पाळण्यापाशी, एकदम गप्प होतो.